उन्हाळ्यातील पाखरे आणि कॅमेरा

पक्षी पाहावयाचे ते हिवाळ्यात, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. ती अगदीच निराधार आहे असे नाही. कार्तिक-मार्गशीर्षात उत्तरेकडून बदके येतात, तलाव भरलेले असतात, हवा सुखावह असते, आणि गळ्यात दुर्बीण अडकवून कोस-दोन कोस हिंडणे हा एक सुखाचा व्यायाम होऊन बसतो. उन्हाळ्यात यांपैकी काहीच नसते. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेल्या पांढुर्णा-सौसर या भागात तर चैत्र सरता सरता जमीन भाजू लागते, सागाची पाने केव्हाच गळून गेलेली असतात, नाल्यांच्या पात्रात वाळू आणि गोटे तेवढे उरतात, आणि सकाळी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. शेजारच्या नागपुरास २०१३ सालच्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत चढल्याची नोंद आहे. पांढुर्ण्याची हवा त्याहून फार निराळी नव्हे. अशा दिवसांत पक्षी पाहण्याचा आणि त्यांची छायाचित्रे घेण्याचा खटाटोप कोणी सांगितला आहे, असे श्रोत्यांपैकी कित्येकांना वाटेल.

परंतु हिवाळ्यात येतात ते पाहुणे. जे शेजारी म्हणून बारा महिने आपल्या आळीत राहतात त्यांचा खरा संसार उन्हाळ्यातच थाटला जातो. नर नव्या पिसाऱ्यात असतात, गळा मोकळा झालेला असतो, काड्या-कापसाची ने-आण चालू असते. झाडे निष्पर्ण असल्यामुळे एरवी पानांत दडणारे पाखरू फांदीवर उघडे बसलेले सापडते. शिवाय पाणी थोडे असल्यामुळे ते जेथे असेल तेथे सगळ्यांना यावेच लागते. पाहणाऱ्याने पाखरांच्या मागे धावण्याची गरज उरत नाही, पाखरेच त्याच्याकडे येतात. हा लाभ हिवाळ्यात मिळत नाही.

या भागाची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्ह्याचा हा मराठी बोलणारा दक्षिण भाग मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्याचा तालुका. त्यामुळे येथील मुलाला एकाच पाखराची दोन नावे ठाऊक असतात. घरी ज्याला तो भारद्वाज म्हणतो त्याला शाळेच्या पुस्तकात महोख म्हणतात, आणि टिटवीची टिटहरी होते. त्यात बिघडत काहीच नाही. उलट एका पाखराला दोन नावे असली की ते दोनदा लक्षात राहते.

या मुलखाचे मुख्य धन म्हणजे संत्र्याचे बगीचे, आणि उन्हाळ्यातील पाखरे कोठे पाहावीत याचे उत्तरही या बगीच्यांतच आहे. संत्र्याला दोन बहार येतात. आंबिया बहाराची फुले पौष-माघाच्या सुमारास येतात, म्हणून त्या बगीच्यांना उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. ज्यांना मृगबहार घ्यावयाचा असतो ते शेतकरी मात्र वैशाख-ज्येष्ठात पाणी तोडून झाडांना ताण देतात. पाने कोमेजतात, गळतात, आणि मृगाच्या पावसाबरोबर झाड फुलावर येते. म्हणजे एकाच धुऱ्याच्या अलीकडे गार ओली आळी आणि पलीकडे कोरडी ठणठणीत जमीन असा देखावा मे महिन्यात जागोजागी दिसतो. सकाळी सहा वाजता अशा धुऱ्यावर उभे राहावे. ओल्या बाजूस सातभाईंचा थवा पाचोळा उलटापालटा करीत असतो, दयाळ आळ्यातील किडे टिपतो, बुलबुलांची जोडी पाटाच्या कडेला आंघोळ करते, वेडे राघू तारेवरून झेपा घेतात. कोरड्या बाजूस चीरक पक्ष्याचा नर शेपूट ताठ उभारून ढेकळावर बसलेला असतो; तेवढाच काय तो. पक्षिशास्त्राचा एक अख्खा धडा त्या धुऱ्याने शिकविलेला असतो.

ज्यांना एवढेही चालावयाचे नाही त्यांनी घर सोडू नये. या बाजूला बहुतेक घरांच्या खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याचे किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचे कूलर लागतात आणि त्यांतून थेंब थेंब पाणी गळत असते. गृहिणीला ते गळणे आवडत नाही, परंतु बुलबुल, चिमणी, साळुंकी आणि भांगपाडी मैना यांची दुपार त्या थेंबांवरच निभते. आतल्या अंधाऱ्या खोलीत माणूस बसलेला, बाहेर दोन हातांवर पाखरू पाणी पिणारे, आणि त्याला माणसाचा पत्ताही नाही! छायाचित्रकार जंगलात ज्या लपणासाठी तट्ट्या आणि कनाती उभारतो ते लपण येथे फुकट तयार असते.

दाराच्या वेलीवर किंवा क्वचित वीज-दिव्याच्या तारेवर शिंजीर आपले घरटे लोंबकळत बांधतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते बांधते त्याची मादी, आणि एकटीच बांधते. कोळ्याची जाळी, सुकलेली पाने, झाडाच्या सालीचे तुकडे अशा केरकचऱ्याचे ते घरटे इतके गबाळे दिसते की पुष्कळ घरांतून झाडलोट करताना ते केरसुणीने काढून टाकले जाते. नर त्या वेळी शेजारच्या कण्हेरीवर बसून उन्हात निळाजांभळा चमकत गात असतो. छायाचित्र सगळे त्याचेच काढतात. मादी पिवळट-तपकिरी, साधी. तिच्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो. हा पक्षपात केवळ पाखरांच्याच बाबतीत घडतो असे नाही, पण ते असो.

तांबट हा उन्हाळ्याचा घड्याळजी. सकाळी नऊ वाजता ऊन चढले की इतर आवाज हळूहळू बंद पडतात आणि याची 'टुक् टुक् टुक्' अशी ठोकणी सुरू होते, ती भर दुपारीही थांबत नाही. चिमणीएवढ्या या हिरव्या पाखराच्या कपाळावर आणि छातीवर तांबडा ठिपका असतो. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो. आणि प्रत्येक ठोक्यागणिक तो मान इकडून तिकडे फिरवीत असल्यामुळे आवाज कधी उजवीकडून, कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो. त्याला शोधताना भलेभले चकतात. परंतु एकदा त्याची जागा कळली की काम सोपे होते, कारण उंच झाडाच्या वाळक्या शेंड्यावरील एखादी ठरावीक फांदी त्याची आवडती असते आणि कोवळे ऊन खावयास तो सकाळी तेथे येऊन बसतो.

चिमणीविषयी फार बोलावयास नको. कवेलूंच्या छपरांची घरे गेली आणि सिमेंटच्या सपाट छतांची आली, त्याबरोबर वळचणीच्या पोकळ्या गेल्या. तिच्या ओसरण्याची कारणे आणखीही असतील, पण घर बांधताना कोणी चिमणीचा विचार केला नाही हे खरे. भिंतीला टांगलेली लाकडी पेटी किंवा एखादे फुटके मडकेसुद्धा ती पसंत करते, हे ज्यांनी करून पाहिले त्यांना ठाऊक आहे.

गावाबाहेर पडले की उन्हाळ्याची खरी नायिका भेटते. ती टिटवी. पांढुर्ण्याच्या जाम नदीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते हे सर्वांस ठाऊक आहे; ज्या गोट्यांचा त्या दिवशी मारा होतो तसलेच गोटे मे महिन्यात नद्यानाल्यांच्या कोरड्या पात्रांतून उन्हात तापत पडलेले असतात, आणि अशाच खडकाळ, उघड्या जागी टिटवी आपली अंडी घालते. घरटे म्हणजे उथळशी खळगी व तिच्याभोवती चार खडे. अंडी बहुधा चार, मातकट रंगावर काळसर डाग असलेली, निमुळती टोके आत करून मांडलेली. दोन हातांवरून पाहिले तरी दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त आणि सखल जागी घातली तर कमी, असा आडाखा शेतकरी बांधतात. त्याची सत्यता तपासण्याची ही जागा नव्हे. पण त्या निमित्ताने का होईना, ती अंडी कोठे आहेत इकडे गावाचे लक्ष असते.

आता या खळगीचा हिशेब पाहा. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग मे महिन्याच्या दुपारी ५० अंशांच्या सहज पुढे जातो. अंड्यातील जीवाला साधारणतः ३६ ते ३८ अंश उष्णता मानवते आणि ४१ अंशांच्या पुढे ती बहुतेक पाखरांच्या बाबतीत प्राणघातक ठरते. म्हणजे आपण ज्याला अंडी 'उबविणे' म्हणतो ते काम अशा दुपारी टिटवीला करावेच लागत नाही; तिला करावे लागते ते अंडी थंड ठेवण्याचे काम. ती त्यांच्यावर बसत नाही, पंख किंचित पसरून उभी राहते आणि आपली सावली त्यांच्यावर धरते. नर आणि मादी आळीपाळीने ही चाकरी करतात. उन्हाचा कहर झाला की त्यांपैकी एक डबक्यावर किंवा पाटावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि ती ओली पिसे अंड्यांना लावतो. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणे आणि गळ्याची कातडी थरथरविणे एवढाच त्यांचा पंखा. असे सुमारे चार आठवडे चालते.

माणूस जवळ आला की टिटवी उठते, आणि आकाश डोक्यावर घेते. कोणी वीस पावलांवर कॅमेरा रोवून बसला तर ती परत येत नाही. दूर उभी राहून ओरडत राहते. छायाचित्रकाराला वाटते, आपण अंड्यांना हातसुद्धा लावलेला नाही. ते खरेच असते. पण तो अर्धा तास त्या चार अंड्यांवर सावली नसते. तो गेल्यावर टिटवी येते आणि पुन्हा उभी राहते; शिजलेल्या अंड्यांवरही ती कित्येक दिवस तशीच उभी राहील, आणि पाहणाऱ्याला काही घडले आहे असे कळणारही नाही.

घरट्याचे छायाचित्र काढण्याची ही आवड आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. १८९२ साली इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी किअरटन या भावांनी अंड्यांसह एका पाखराच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे १८९५ साली छायाचित्रांनी सजविलेला घरट्यांवरील ग्रंथ काढला. हे दोघे मोठे खटपटी. पाखरांना फसविण्यासाठी त्यांनी बैलाचे कातडे पेंढा भरावा तसे उभे केले आणि आतल्या पोकळीत कॅमेरा घेऊन एकजण लपू लागला. पोळा साजरा करणाऱ्या गावातल्या लोकांनी तो बैल पाहिला असता तर त्याला झूल घातली असती! आपल्या देशात ई. एच. एन. लोथर या रेल्वेतील अधिकाऱ्याने जड कॅमेरा आणि काचपट्ट्या घेऊन अनेक वर्षे पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. त्याचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्या काळातील बहुतेक उत्तम चित्रे घरट्यावरची आहेत, आणि त्याला कारण होते. तेव्हाची भिंगे आखूड होती, काचपट्टी मंद होती, आणि पाखरू ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर, हमखास परत येईल अशी जागा जगात एकच होती. ती म्हणजे त्याचे घरटे. पाहून-समजून, आठवडा आठवडा लपण पुढे सरकवीत, ते लोक काम करीत.

ते कारण आज राहिलेले नाही. चारशे मिलिमीटरचे भिंग आता खांद्याला अडकवून फिरता येते, मंद प्रकाशातही सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र उमटते, आणि एका सकाळी पाचशे चित्रे घेतली तरी खर्च वाढत नाही. कारण गेले, पण सवय मात्र उरली. एवढेच नव्हे, तर कॅमेरे घरोघर झाल्यामुळे ती शतपटीने वाढली. एका घरट्याची वार्ता फुटली की सुटीच्या दिवशी तेथे आठ-दहा माणसे जमतात. पाने आड येतात म्हणून फांद्या बाजूला बांधल्या जातात, कधी छाटल्याही जातात. ती पाने शोभेसाठी नव्हती. त्यांनी ऊन अडविले होते आणि कावळ्याची नजरही. टकाचोर आणि कावळा हे फार चतुर पक्षी आहेत. माणसे कोठे वारंवार थांबतात हे ते पाहून ठेवतात. छायाचित्रकार घरी पोचेपर्यंत घरटे रिकामे झालेले असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तीत पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हेही धरलेले आहे, हे बंदूक कधीही हाती न धरलेल्या पुष्कळ सज्जनांना ठाऊक नसते. पक्षी-छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांतून आणि नियतकालिकांतून घरट्याची चित्रे आता स्वीकारली जात नाहीत, हे योग्यच झाले. कायद्यापेक्षाही, बक्षीस मिळणार नाही ही जाणीव अधिक परिणामकारक ठरते असे दिसते.

मग घरटे ओळखून टाळावे कसे? पाखरू आपण होऊन सांगते. चोचीत अळी घेतलेला बुलबुल एका फांदीवर बसून इकडे-तिकडे पाहतो आहे आणि ती अळी गिळत नाही, तर समजावे की पिले जवळ आहेत आणि पाहणारा त्यांच्या वाटेत उभा आहे. तेच तेच पाखरू डोक्यावरून घिरट्या घेते, शेपटीला झटके देते, एकसुरी टकटक करते, पंख मोडल्याचे सोंग करून जमिनीवर फरफटत जाते. या सर्वांचा अर्थ एकच. तेथून पन्नास पावले मागे गेले की त्याचे ओरडणे थांबते. ते थांबले ती जागा बसण्याची.

घरट्यावाचूनही उत्तम चित्रे मिळतात, आणि तीही अंगणात. याचे साधन म्हणजे मातीचे एक उथळ कुंडे. त्यात दोन बोटे पाणी असावे, त्याहून खोल नको. मध्ये एखादा खरबरीत दगड ठेवावा म्हणजे लहान पाखरांना पाय टेकता येतात. कुंडे सावलीत ठेवावे, पण दाट झुडपाला चिकटून नव्हे, कारण तेथे मांजर दबा धरते. पाणी रोज बदलावे व कुंडे घासावे. एकाच पाण्यावर अनेक पाखरे येऊ लागली की रोगही त्याच वाटेने पसरतात. कुंड्यापासून हातभर अंतरावर एक वाळकी, सुबक फांदी रोवून ठेवावी. पाखरू सरळ पाण्यावर उतरत नाही, आधी जवळच्या फांदीवर बसून चाहूल घेते, आणि चित्र घ्यावयाचे ते त्याच क्षणी. पहिले चार दिवस कोणी फिरकत नाही. मग चिमण्या येतात, त्यांच्या विश्वासावर बुलबुल, मग साळुंक्या, आणि एखाद्या दुपारी जवळच्या चिंचेवरून अगदी अनपेक्षितपणे हळद्या उतरतो. अशा वेळी हात थरथरतो.

तंत्राचे दोन-चार शब्द सांगितले पाहिजेत. उन्हाळ्यात चांगला प्रकाश सकाळी साडेपाच ते आठ आणि सायंकाळी पाचनंतर. मधल्या वेळी सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि पांढरी पिसे जळाल्यासारखी दिसतात. शिवाय तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर जात असते, त्यामुळे शेतापलीकडच्या पाखराचे चित्र कधीच स्वच्छ येत नाही; लोक भिंगाला दोष देतात, दोष हवेचा असतो. पाखराच्या उंचीवर यावे, म्हणजे जमिनीवरच्या पाखरासाठी जमिनीवर बसावे. डोळा स्पष्ट आला पाहिजे. बाकीचे थोडे पुसट असले तरी चित्र जिवंत वाटते. आणि पाठीमागे काय आहे ते पाहावे. वीजवाहिन्यांचा खांब पाखराच्या डोक्यातून उगवलेला अनेक चित्रांत दिसतो.

मार्च-एप्रिलमध्ये नीलकंठाचा खेळ पाहावयास मिळतो. नर उंच चढतो आणि गिरक्या घेत, कोलांट्या खात, ओरडत खाली येतो. त्या वेळी पंखांचा निळा रंग दोन छटांनी उन्हात पेट घेतल्यासारखा दिसतो. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो हाच. रेल्वेमार्गाच्या कडेच्या तारांवर तो इतका नित्याचा होता की कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहत नसे. परंतु देशातील तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार केलेला असून नीलकंठाची संख्या गेल्या काही वर्षांत तीस टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले आहे. उलट कोकीळ वाढलेला आहे. या नोंदी करणारे पुष्कळसे लोक शास्त्रज्ञ नव्हेत. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, गृहिणी असेच आहेत.

म्हणून चित्रापेक्षाही चित्राखाली लिहिलेली तारीख आणि ठिकाण यांना मोल आहे. याचे एक विलक्षण उदाहरण रानपिंगळ्याचे. ह्यूमने १८७३ साली या घुबडाचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणासही मिळाला नाही. १९१४ साली तो आपण गुजरातेत मिळविल्याचे मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने नोंदविले होते. पुढे पामेला रासमुसेन या विदुषीने संग्रहालयातील नमुने तपासून दाखविले की तो नमुना दुसऱ्याचा चोरलेला असून त्यावर खोटी चिठ्ठी चिकटविलेली होती. ती खोटी जागा गळून पडली तेव्हा कोठे शोध योग्य दिशेने गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळच्या रानात, ११३ वर्षांनी, हे पाखरू दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेले आढळले. त्यांनी त्याचे चित्रण केले, मारले नाही. पुढे मेळघाटातही ते सापडले, आणि मेळघाट ते पांढुर्णा ही एकाच सातपुड्याची ओळ आहे. या मुलखात रानपिंगळा असेलच असे कोणी म्हणू नये, परंतु दिवसा बाहेर बसलेल्या पिंगळ्याचे चित्र ज्याच्यापाशी असेल त्याने ते तारीख-ठिकाणासह जाणकारांना दाखवावे. या भागाच्या पक्ष्यांची एक यादी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे क्युरेटर ई. ए. डिअब्रू यांनी १९३५ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. मराठी नावे हवी असतील तर मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश आहे. जंगलात आयुष्य घालवून आदिवासींच्या तोंडची नावे टिपून ठेवणाऱ्या या वनाधिकाऱ्याचे २०२५ च्या जूनमध्ये निधन झाले.

मे अखेरीस नव्या मंडळींची ये-जा सुरू होते. दक्षिणेकडून आणि श्रीलंकेतून नवरंग परततो. रात्री प्रवास करणारे हे पाखरू कधी कधी थकून एखाद्याच्या पडवीत किंवा न्हाणीघरात उतरते आणि घरातील मुले ओरडत धावत येतात. अशा वेळी त्याला टोपलीखाली झाकून, अंधारात शांत ठेवून संध्याकाळी झाडीत सोडावे. चित्रे घेण्याची ती वेळ नव्हे. ओढ्याकाठच्या गर्द झाडीत स्वर्गीय नर्तकाची जोडी येते. पांढऱ्या रेशमाच्या दोन फिती मागे सोडीत उडणारा हा नर मध्यप्रदेशाचा राज्यपक्षी आहे. तिकडे त्याला दूधराज म्हणतात. चार कोसांवर महाराष्ट्राची हद्द लागते आणि तेथे हरियलाला तो मान आहे. दोन्ही पाखरे हद्द ओलांडून जातात-येतात.

या दोन्ही नव्या पाहुण्यांना यंत्रातून त्यांचाच आवाज ऐकवून समोर आणण्याची युक्ती अलीकडे फार बोकाळली आहे. नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो खाणेपिणे सोडून येतो, शोधतो, पिसे फुलवून ओरडतो. पाच माणसांना पाच चित्रे मिळतात. दुसऱ्या दिवशी दुसरे पाच येतात. शेकडो मैल उडून आलेल्या पाखराची ताकद अशा रीतीने नसलेल्या शत्रूशी झुंजण्यात जाते. नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला आपण होऊन दोन स्वरांची शीळ घालतो. झाडाला टेकून, हालचाल न करता अर्धा तास बसले तर पाचोळ्यात उड्या मारीत तो कित्येकदा समोरून जातो. न गेला तर शीळ ऐकावयास मिळालीच.

मग एके दिवशी पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे सांगू लागतो, आफ्रिकेतून आलेला काळा-पांढरा चातक तारेवर दिसतो. सातभाईंनी सावध व्हावे अशी ही वेळ, कारण दोघेही आपली अंडी त्यांच्याच घरट्यात टाकतात. मृगाची सर पडली की धुऱ्यावरचे दोन रंग एक होतात, ताण दिलेले बगीचे फुलतात, पाणी सगळीकडे होते आणि कुंड्यावरची गर्दी ओसरते. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीत सुगरणीचे पिवळ्या माथ्याचे नर गवताची हिरवी पाती ओवू लागतात. ही अर्धवट घरटी मात्र खुशाल टिपावीत. त्यांत अजून अंडी नसतात, माद्या येऊन तपासून पसंत-नापसंत करावयाच्या असतात, आणि विहिरीच्या दुसऱ्या काठावर बसलेल्या माणसाकडे विणण्याच्या घाईत असलेल्या नराचे मुळीच लक्ष नसते.